विजेनं खाल्लेली सरी

"ही तुझ्या बापाची चांदी? अगं, ही चांदी म्हनायची का चुलीवरचा तवा?"

माझ्या सासूनं माझ्या गळ्यातली सरी मुठीत धरली होती आणि सरीबरोबर माझी मानही. मी नुकतीच भाताच्या खाचरातलं तण बेणून आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरचं इरलंही अजून उतरवलेलं नव्हतं. पाऊस तिरपा लागत होता आणि आमच्या ओटीवर शेजारची बायजा पाय पसरून बसली होती. ती ओटीवर बसली म्हणजे घरात काहीतरी पेटणार हे गावातल्या कुत्र्यालाही कळायचं.

"आत्या, मान सोडा की," मी म्हणाले. सासूला आमच्यात आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. "चांदी काळी पडतेच. चिंच लावून घासते."

"काळी पडते म्हंजे जरा मळते. ही काय मळलीय? ही तर कोळशानं सारवल्यावानी झालीय. आनि माझी बघ." आत्यानं पदर बाजूला केला. तिची सरी खरंच लखलखत होती. "लगीन होऊन आले तवापासनं गळ्यात हाय. कंदी काळी पडली का? इचार बायजाला."

"कंदी नाय बाय," बायजा म्हणाली. "उलट मानेवर हिरवी रेघ उठते अंबाबायच्या. अस्सल चांदी अंगाला रंग देते म्हनतात."

आता हसू येतं. तेव्हा मला रडू आलं होतं.

त्या सरीमागं आमची म्हैस होती. माझं माहेर कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याला, डोंगर उतरून येतो तिथं. माझा बाप, गोमा त्याचं नाव, लग्न ठरवायला आला तेव्हा आत्यानं अट घातली होती, की सुनेच्या गळ्यात सरी पाहिजे आणि ती माझ्या सरीपेक्षा काडीभर कमी चालायची नाही. नुसतं तोंडानं सांगून ती थांबली नाही. तिनं स्वतःच्या सरीला सूत गुंडाळलं, लांबीचं एक आणि जाडीचं एक, आणि त्या सुतांना गाठी मारून ती माझ्या बापाच्या हातात दिली. बापानं आमची दुभती म्हैस, कपिली, विकली आणि कडावच्या सोनाराकडून त्या सुताबरहुकूम सरी घडवून घेतली. त्या वर्षी आमच्या घरात ताकाचा थेंब नव्हता. माझी आई म्हणायची, चंद्रे, सरी जपून घाल, तुझ्या गळ्यात आपली कपिली हाय.

आणि इथं त्या कपिलीला तवा म्हणत होते.

"हे बघ," आत्यानं सरी सोडली. "नांगरट फसली तर पुढल्या साली दुरुस्त होते, सोयरीक फसली की जलमाचं झालं. तुझ्या बापानं मला जरमन शिलवर घातलीय. नव्याचं भात घरात यायच्या आत खरी सरी घेऊन यायची. नाय तर गौरीला माहेरी जाशील ती तिकडंच राहा."

जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल एकत्र वितळवून केलेला पांढरा धातू. नाव चांदीचं, पण आत चांदी गुंजभरही नाही. कल्याणच्या बाजारात तेव्हा त्याच्या ताटल्या, पेले, पानाचे डबे ढिगानं मिळायचे. दिसायला चांदीहून देखणे.

आमचे घरधनी दारातच दोर वळत बसले होते. त्यांचं नाव मी घेत नाही. तेव्हा घेतलं नाही आणि आता ते नाहीत तर आता तरी कशाला घेऊ? त्यांचा दोर नको तेवढा पीळ खाऊ लागला. मामा कोपऱ्यात चिलीम ओढत होते. मामा, म्हणजे आबाजी, एरवी गावातला बोलका माणूस, लग्नात, मयताला, शर्यतीला, सगळीकडं पुढं. पण सरीचा विषय निघाला की त्यांना गोठ्यातलं काहीतरी आठवायचं.

"म्हशीला पेंढा टाकला का बघतो," म्हणाले आणि गेले. म्हशीपुढं पेंढ्याचा डोंगर होता.

*

तुम्ही म्हणाल, सोनाराकडं जाऊन कसोटीवर घासायची की. तीच तर अडचण होती. सरी कडावच्याच सोनारानं घडवली होती, तो आपलीच चांदी खोटी म्हणेल का? कर्जतचा सोनार त्याचा साडू. आणि त्याहून मोठं म्हणजे, आत्याच्या मते सौभाग्याच्या दागिन्याला कानस लावायची नाही, तापवायचा नाही, कापायचा नाही. त्यानं धन्याचं आयुष्य कमी होतं. म्हणजे दागिना खोटा म्हणायचा, पण बघायचा नाही. असा खटला मी आजवर कोर्टातही ऐकला नाही.

गौरी आठवड्यावर आल्या होत्या, तेव्हा माझा मावसभाऊ हिरामण भेटायला आला. हिरामण भिवपुरीच्या बिजलीघरात कामाला होता. बिजलीघर सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. डोंगरावरचं पाणी नळांतून खाली सोडायचं आणि त्यावर यंत्रं फिरवायची. तिथली वीज पार मुंबईला जाई. आमच्या गावात मात्र एरंडेलाचा दिवा. हिरामण तिथं काट्यांची यंत्रं पुसायचा, जपायचा आणि ओव्हरसियरच्या हाताखाली तारा तपासायचा. खाकी अर्धी चड्डी, केसांना पाणी लावून पाडलेला भांग आणि बोलण्यात साहेबाचा थाट. गावातले त्याला दिवाबत्तीवाला म्हणायचे. तो फार चिडायचा.

आत्याला बिजलीघराचा राग. यंत्रावरून सुटलेलं पाणी ओढ्यानं आमच्या शिवारापर्यंत यायचं, त्यामुळं ओढा मे महिन्यातही वाहता राहायचा. बाकीच्या बाया खूश. पण आत्या त्या पाण्यानं भांडीसुद्धा घासायची नाही.

"ताक घुसळून लोनी काढलं, मग मागं राहतं काय?" ती म्हणायची. "पान्यातनं वीज काढून घेतली, आता त्या पान्यात सत्व कुठलं? भाताला पाजाल तर पोचट दाना येल."

"अंबामावशी, वीज पाण्यातनं काढत नाहीत. पाणी यंत्राला ढकलतं, यंत्र वीज करतं," हिरामण सांगायचा.

"तू गप. तुला पगार देतात ते."

त्या दिवशी मी हिरामणला गोठ्यामागं नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं माझी सरी हातात घेऊन हुंगली.

"मानेला काय लावलंस?"

"खरूज झाली होती. वैद्यानं खोबरेलात गंधक खलून दिला होता, तो लावत होते."

हिरामण असा हसला की कोंबड्या पळाल्या. "अगं येडे, गंधक लागला की चांदी अशीच काळीठिक्कर होते! उलट ही काळी झाली म्हंजे..." मग तो थांबला. ओठावर बोट ठेवून थोडा वेळ आत ओटीकडं बघत राहिला. आत्या तिथं सूप पाखडत होती आणि तिच्या गळ्यात सरी चमकत होती.

"मावशीच्या मानेला हिरवं पडतं म्हनालीस?"

"हो. का रं?"

"काय नाय," तो म्हणाला. "तू रविवारी ओटी सारवून ठेव."

*

रविवारी पावसानं उघडीप दिली. भात पोटरीला आलं होतं आणि खाचरांवरून दुधासारखा गोड वास येत होता. हिरामण ओव्हरसियरची परवानगी काढून एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत काचेच्या भांड्यातली बॅटरी, तारांची तीन भेंडोळी आणि पितळेच्या स्क्रूची दोन यंत्रं होती. यंत्रांवर घड्याळासारखी काच, आत एकच काटा. निम्मा गाव ओटीवर आला. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारे लडकूनाना मध्यभागी बसले. त्यांच्याशिवाय गावात कुठलाच न्याय होत नसे.

"सरी कापायची नाय, घासायची नाय, तापवायची नाय," हिरामण म्हणाला. "नुसती वीज सोडायची. वीज इकडनं शिरते, तिकडनं निघते. सरी होती तशी परत."

"शॉक बसंल," बायजा म्हणाली.

"तुला नाय बसनार, तू लांब बस. ही वीज मुंगीएवढी हाय. पन एक गोष्ट. नुसता आकडा सांगितला तर तुमी म्हनाल, हिरामण बहिणीकडून बोलतो. शेजारी एक खरी सरी पाहिजे, ह्याच मापाची. मग दोन्ही ताडून बघायच्या."

"मग माझी घे की!" आत्या ताडकन म्हणाली. "एकाच सुताच्या दोघी. मीच माप धाडलं होतं."

कोपऱ्यात मामांना ठसका लागला. असा लागला की लडकूनानांनी त्यांच्या पाठीत दोन धपके घातले.

"अगं, तुझी कशाला?" मामा डोळे पुसत म्हणाले. "देवाधर्माची सरी ती. बायजाची घ्या."

"बायजाची सुतळीएवढी हाय."

"मग आज रविवार हाय. रविवारी असलं..."

"रविवारी काय?"

मामांनी चिलीम खाली ठेवली. "हिरामनाला आधी जेवू तरी घाला," ते म्हणाले. "पोरगं उपाशी हाय."

"मी जेवून आलोय मामा," हिरामण म्हणाला आणि माझ्याकडं न बघता त्यानं डोळा मारला.

आत्यानं सरी उतरवली, कपाळाला लावली आणि दिली. मी माझी दिली. सरी म्हणजे पुरती बंद बांगडी नसते, मागं दोन टोकं आणि त्यांना आकडा. हिरामणनं माझ्या सरीची टोकं चिंचेनं तेवढी पांढरी करून घेतली. दोन्ही सऱ्या केळीच्या पानावर शेजारी ठेवल्या, एकीचं टोक दुसरीच्या टोकाला तारेनं जोडलं आणि राहिलेली दोन टोकं बॅटरीकडं नेली. मध्ये एक भेंडोळं आणि पहिलं यंत्र घातलं. तार जोडताच पहिल्या यंत्राचा काटा उठला आणि मधोमध थांबला. बाया "गं बाई" म्हणाल्या.

"हा काटा सांगतो, वीज किती वाहते ते. आता हे दुसरं यंत्र." त्यानं दुसऱ्या यंत्राच्या दोन तारा हातात धरल्या, जणू ज्योतिषी हात बघायला बसलाय. "ह्याचे दोन पाय सरीच्या दोन टोकांना लावले की सरीत किती जोर खर्च झाला ते कळतं. जोराला वाहन्यानं भागलं की तारेचा अडथळा निघतो. आधी चंद्रीची."

त्यानं माझ्या सरीच्या टोकांना तारा टेकवल्या. काटा ढिम्म. मेल्यासारखा पडून राहिला.

"बघा!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "काटा उठंना सुदिक! मेलेली चांदी हाय, मेलेली!"

"म्हशीचं नाव सांगून घोरपड दिली गं गोमानं," बायजा म्हणाली.

मी खांब धरला. हिरामणही गडबडला, एकदा तारा बघ, एकदा काटा बघ, भांग विस्कटला त्याचा. तेवढ्यात माणसांच्या मागं उभे असलेले आमचे हे पुढं आले. वाकले आणि माझ्या सरीचा आकडा सोडला. आकडा एकमेकांत अडकलेला होता, म्हणून वीज सरीतनं फिरून न जाता टोकातनं टोकात उडी मारून जात होती. चार माणसांत, आईच्या समोर, त्यांनी माझ्या बाजूनं केलेलं हे पहिलं काम. एवढंसं काम होतं, आकडा सोडणं. मला मात्र ते अजून पाठ आहे.

"शाब्बास दाजी!" हिरामण ओरडला आणि पुन्हा तारा टेकवल्या. काटा उठला. उठला म्हणजे काय, मुंगीनं मिशी हलवावी एवढा सरकला आणि राहिला.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "आता माझी लाव."

आत्याच्या सरीचा आकडा सुटाच होता; तिला तारा लागल्या आणि काटा असा धावला, जसा शर्यतीचा बैल. अर्धी काच ओलांडून पलीकडं जाऊन थरथरत उभा राहिला.

ओटीवर एकच गलका झाला. आत्या उठून उभी राहिली. "बघितलं? बघितलं का? आता तरी डोळे उघडले का समद्यांचे? माझी सरी कुठवर गेली आनि हिची कुठं रांगतीय! हिरामना, तुझ्याच तोंडानं सांग आता."

हिरामण घाम पुसत होता. "मावशी, उलटं हाय ते."

"काय उलटं?"

"ज्याचा काटा कमी, ती चांदी खरी."

"अहाहा! बहिनीची हारली तशी लगेच रीत उलटी झाली व्हय रं? जत्रंत वजनकाट्यावर बसलं तर ज्याचा काटा जास्त तो भारी. बाजारात तसं, देवळात तसं, आनि तुझ्या पेटीतच तेवढं उलटं?"

सगळे हसले. मीही मनातनं खचले. मलाच पटेना, तर गावाला कसं पटेल? हिरामणनं साहेबी शब्द वापरायला सुरुवात केली तसं लोकांनी पान-तंबाखू काढली. मग तो थांबला. खाचराकडं बघितलं आणि लडकूनानांकडं वळला.

"नाना, पाटात गाळ साचला तर पान्याचं काय होतं?"

"तुंबतं," नाना म्हणाले.

"तुंबलं की वरच्या अंगाला?"

"वरच्या अंगाला चढतं. बांध फुटायची पाळी येते."

"चढलेलं पानी बघून तुमी म्हनाल का, वा, काय झकास पाट हाय?"

"पायतान काढीन मी पाटकऱ्याला," नाना म्हणाले. मग त्यांची बोटं तंबाखूवरच थांबली. "म्हंजे काटा चढला म्हंजे..."

"तुंबलं म्हंजे काटा चढतो. साफ पाटात पानी सुळसुळ जातं, चढत नाय. चंद्रीच्या सरीतनं वीज सुळसुळ गेली."

नाना काही कच्चे नव्हते. सारा जन्म पाण्याच्या पाळ्या वाटण्यात गेलेला. "पन हिच्या पाटात पानी कमी सोडलं नसंल कशावरनं? कमी सोडलं तर चढायचं बी कमीच."

"म्हनून तर दोघींना एकाच ओळीत बांधलंय. जेवढं हिच्यातनं गेलं तेवढंच तिच्यातनं जानार. आनि पहिला काटा बघा, जागचा हलला का? हलला नाय. लांबी सारखी, जाडी सारखी, मावशीच्याच सुताची. मग फरक राहिला कशाचा?"

"मातीचा," नाना म्हणाले. "म्हंजे धातूचा."

"तरी संशय असंल तर हे बघा." हिरामणनं पेटीत राहिलेली दोन भेंडोळी वर केली. "ही तांब्याची तार. वीज वाहायला चांदीच्या खालोखाल तांबं. आनि ही जर्मन सिल्व्हरची. बिजलीघरात हिचं काम एकच, विजेला अडवायचं. म्हनून मुद्दाम ठेवतात. दोन्ही सारख्याच लांबीच्या, सारख्याच जाडीच्या."

दोन्ही तारा त्यानं तशाच ओळीत लावल्या. तांब्याच्या तारेवर काटा किंचित सरकला. जर्मन सिल्व्हरच्या तारेवर धावत सुटला, थेट आत्याच्या सरीसारखा.

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेवढा आवाज. आणि त्या शांततेत बायजाच्या तोंडातनं, तिला आवरायच्या आत, निसटलं:

"अगं बाई! म्हंजे अंबाबायचीच जरमन म्हनायची!"

आत्यानं बायजाकडं बघितलं नाही. तिनं मामांकडं बघितलं. मामा चिलमीच्या भोकात काहीतरी शोधत होते. ते शोधणं संपेना. आत्याच्या चेहऱ्यावर मी एकामागून एक काय काय बघितलं ते सांगता येत नाही. आषाढातलं आभाळ जसं बदलतं तसं. तिच्या सासऱ्यानं घातलेली सरी खरी होती हे तिला ठाऊक होतं. मधे एकदा मामांनी ती आकडा दुरुस्त करायला म्हणून कल्याणला नेली होती. परत आणली तेव्हा नवी असल्यासारखी चमकत होती. हे सगळं तिला तिथं, त्या ओटीवर आठवलं असणार.

मला वाटलं, आता ती चिलीम मामांच्या डोक्यावर फुटणार. गावालाही तेच वाटत होतं. सगळे जरा पुढं सरकले.

पण आत्यानं पदर खोचला आणि हिरामणवर कडाडली.

"मेल्या दिवाबत्तीवाल्या! तुझ्या विजेनं माझी सरी खाल्ली!"

"आं?" हिरामण म्हणाला.

"पान्याचं सत्व खानारी ती वीज, चांदीला सोडंल व्हय? मी आधीच म्हनत व्हते! चांगली अस्सल चांदी घातली ह्या पानावर, बघता बघता जरमन झाली. काटा कसा वरवर गेला समद्यांनी बघितलं का नाय? माझ्या सरीतलं सत्व गेलं ते त्या काट्यात!"

"खरं हाय!" मामांना अचानक वाचा फुटली. "मी म्हनतच व्हतो, रविवारी नको!"

"मग चंद्रीची का नाय खाल्ली?" कुणीतरी मागून विचारलं.

"ती काळी होती. काळ्याला नजर लागत नाय, वीजबी लागत नाय," आत्या एका दमात म्हणाली. मग माझ्याकडं वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिची सरी खरी हाय. चारचौघांत पारखून निघालीय. गोमानं म्हैस इकली, इमान नाय इकलं. बायजे, उद्या पानवठ्यावर सांगशील तर हे आधी सांग."

हिरामणचं तोंड उघडंच होतं. "पन मावशी, वीज अशी चांदी..."

मी त्याच्या उघड्या तोंडात त्याच्यासाठी काढून ठेवलेला तांदळाचा लाडू कोंबला. आमच्यात लाडू कोंबला म्हणजे बोलणं मान्य होऊन संपलं. तो खोकत राहिला, आणि त्याला बोलायचं होतं ते सगळं लाडवाबरोबर खाली गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण भरायला गोठ्यात गेले, तर आत्या आणि मामा तिथंच होते. मी बाहेर थांबले. ऐकायचं नव्हतं असं काही मी म्हणणार नाही.

"सरी इकून पैसा घातला तो कुठला बैल?" आत्या विचारत होती.

मामांनी पायानं पेंढा सारखा केला. "ढवळ्या."

"शर्यतीचा?"

"तोच."

"जो हारला?"

"पाय मुरगळला गं त्याचा. नाय तर..."

"हारलेल्या बैलाला माझी सरी खायला घातलीत!" आत्या म्हणाली. "अवो, निदान जिंकला तरी असता!"

तेव्हा कळलं मला. माझी सरी म्हशीतनं आली होती आणि तिची बैलात गेली होती.

त्या दिवसापासून मामांच्या बोलण्याला आमच्या घरात वजन राहिलं नाही. आत्या "वीज" एवढंच म्हणायची की ते गप्प व्हायचे. भात झोडून झाल्यावर त्यांनी शर्यतीचा छकडा विकला. ज्याच्यावर बसून ते सगळ्या तालुक्यात मिशीला पीळ देत फिरले, तो छकडा. कडावच्या सोनाराकडं ते स्वतः गेले. माप म्हणून माझी सरी नेली.

हिरामणचं मात्र वाईट झालं. बायजानं पाणवठ्यावर सांगायचं ते सांगितलं, पण त्यातली माझ्या बापाची गोष्ट राहिली मागं आणि विजेची गेली पुढं. पार कर्जतपर्यंत गेली. पुढं कितीतरी वर्षं मोठ्या खांबांच्या तारांखालून जाताना आमच्याकडच्या बाया सरीवर पदर ओढायच्या, पायातली तोडी लुगड्यात लपवायच्या. एका लग्नाचं वऱ्हाड तारा टाळायला नदीला वळसा घालून गेलं आणि मुहूर्त चुकला. हिरामण कपाळावर हात मारून घ्यायचा. "चंद्रे, एकदा तरी खरं सांग गं लोकांना!" मी म्हणायचे, "सांगते की रं, लाडू खा."

नवी सरी आली त्या संध्याकाळी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "तुझं ते गंधकाचं तेल राहिलंय का गं?"

"तुम्हाला खरूज झाली आत्या?"

"हसू नको. दे."

आधी जुन्या सरीला तिनं ते लावून बघितलं. ती नुसती पिवळट झाली, आजारी माणसाच्या नखासारखी. काळी काही झाली नाही. नव्या सरीला तिनं चोळून चोळून तेल लावलं आणि रात्री उशाशी घेऊन झोपली. पहाटे मला हाक मारली. माझ्या हातातला दिवा तिनं सरीजवळ ओढला. सरी काळी झाली होती. तव्यासारखी, कोळशासारखी, माझ्या सरीसारखी काळी.

आत्या खुदकन हसली. तिचं तसलं हसू मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मंगळवारी आम्ही दोघी कडावच्या बाजारात गेलो, दोघींचे पदर खांद्यावरून मागं. ती दर दुकानापाशी थांबायची, मान वर करून भाव विचारायची, घ्यायची काही नाही. सुक्या मासळीपाशी बायजा भेटली. आत्याच्या गळ्याकडं बघून तिनं नाकाला बोट लावलं.

"अगं बाई अंबाबाय, नवी सरी ना ही? केवढी काळी पडलीय! चिंच लाव की."

"लावीन की," आत्या म्हणाली आणि मान अजून जरा वर केली. "पन आधी समद्यांचं बघून तर होऊ दे."